तिसऱ्या महिन्यातला माणूस

(स्मृती व्याख्यानमालेत सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



गड्ड्याची यात्रा संपली, पाळणे उतरले, की आपण या सभागृहात मास्तरांच्या नावानं जमतो. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना रात्रशाळेत पाहिलंय. गिरणीची पाळी संपवून आलेल्या, डोळे मिटत चाललेल्या पोरांना ते अपूर्णांक शिकवायचे. मी मात्र त्यांना शिक्षक म्हणून ओळखत नव्हतो. ते माझ्याकडे पेशंट म्हणून आले. छातीच्या डॉक्टराकडे माणूस ज्या कारणासाठी येतो, त्याच कारणासाठी आले होते. सहा महिने खोकला हटत नव्हता आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागत होतं. वय अठ्ठावन्न. विडी चाळीस वर्षांची, दिवसाला दोन बंडलं.

पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगू नये, हे मी पाळत आलो आहे. आज सांगतो आहे ती मास्तरांच्या पत्नीच्या, काकूंच्या परवानगीनं. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि माझ्या हातात आहे ती वस्तूही त्यांनीच दिली आहे. हे भिंतीवरचं साधं कॅलेंडर आहे. घरोघरी असतं तसंच. तिथी, वार, दुधाचा हिशेब, गॅसची टाकी कधी लावली त्याची नोंद. पण प्रत्येक चौकोनात शिसपेन्सिलनं काढलेल्या बारीक उभ्या रेघा आहेत. कुठे तीस, कुठे बारा, कुठे दोन, कुठे एकही नाही. आणि एका तारखेला एक गोल आहे.

मास्तरांनी ज्या दिवशी विडी सोडली त्या दिवसापासूनच्या या रेघा आहेत. किती विड्या ओढल्या हे त्यांनी लिहिलेलं नाही. तलफ किती वेळा आली आणि न ओढता गेली, ते त्यांनी मोजलंय. आज मला जे बोलायचंय ते या रेघांविषयी आणि त्या एका गोलाविषयी आहे.

धूम्रपान वाईट आहे हे सांगायला मी आलेलो नाही. ते ओढणाऱ्याला माहीत असतं. १ एप्रिल २०१६ पासून आपल्या देशात पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग धोक्याच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं व्यापलेला असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, पंचावन्न टक्के लोकांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. विचार करणारे इतके, आणि कुणाचीही मदत न घेता नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांत वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. जगभरच्या अभ्यासांतून हाच आकडा पुन्हा पुन्हा आला आहे. म्हणजे माणसं सोडत नाहीत असं नाही, सोडतात, अनेकदा सोडतात. टिकत नाहीत. आणि टिकण्याविषयी आपण कुणीच बोलत नाही.

मी स्वतः ओढत होतो. छातीच्या विकारांचं शिक्षण घेत असताना, क्षयरोगाच्या वॉर्डातून बाहेर येऊन जिन्याखाली उभा राहून ओढत होतो. तीनदा सोडली. पहिल्यांदा नऊ दिवस टिकली. दुसऱ्यांदा अकरा महिने. ते अकरा महिने संपले एका मित्राच्या लग्नात, जेवणानंतर मांडवाच्या मागे, एका सिगारेटीनं. त्या एका सिगारेटीचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी स्वतःला सांगितलं की तुझ्यात दम नाही, अकरा महिने पाण्यात गेले. आणि पुढची दोन वर्षं मी पूर्वीपेक्षा जास्त ओढली, तीही लपून. तिसऱ्यांदा सोडली ती आजतागायत सुटलेली आहे. पण पेशंटला समजावताना मला तो लग्नाचा मांडवच जास्त उपयोगी पडला.

शरीरात काय होतं ते आधी पाहू, कारण माणूस ज्याला आपला दुबळेपणा समजतो, त्यातला मोठा भाग शरीराचा असतो. झुरका घेतल्यावर निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. शिरेतून दिलेलं औषधसुद्धा इतक्या झटपट पोचत नाही. मेंदूत निकोटिनला धरून ठेवणाऱ्या जागा असतात, आणि रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत त्या वाढतात. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि त्या जागा रिकाम्या होऊन ओरडू लागतात. ती ओरड म्हणजे तलफ. विडीवाल्याचे हाल आणखी वेगळे. विडीत तंबाखू सिगारेटीपेक्षा पुष्कळ कमी असतो म्हणून ती हलकी, असा समज आहे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी जोरात ओढावी लागते, आणि विझू नये म्हणून भराभर ओढावी लागते. त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या तिन्हींत ती सिगारेटीला हार जात नाही.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच जातो. पण याच काळात दोन गोष्टी घडतात, ज्यांनी कितीतरी लोक परत फिरतात, आणि ज्या कुणी आधी सांगत नाही.

पहिली गोष्ट खोकला. 'डॉक्टर, विडी सोडली आणि खोकला वाढला, त्यापेक्षा चालू होती तेच बरं होतं.' हे वाक्य मी तीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! आपल्या श्वासनलिकांना आतून बारीक केसांचं अस्तर असतं. कफ आणि धूळ वर ढकलत राहणं हे त्या केसांचं काम. धुरानं ते लुळे पडतात. धूर थांबला की ते पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ बाहेर काढायला लागतात. तो वाढलेला खोकला म्हणजे बंद पडलेला झाडू पुन्हा चालू झाल्याची खूण आहे. काही आठवड्यांत तो कमी होतो. अर्थात रक्त पडलं, वजन उतरायला लागलं, किंवा दोन-तीन आठवड्यांपुढे खोकला तसाच राहिला, तर थुंकी आणि एक्स-रे तपासायलाच हवा. ते टाळू नका.

दुसरी गोष्ट लोक दार लावून, आवाज खाली आणून सांगतात. विडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. हे खोटं नसतं. निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते आणि ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. त्यावर कोमट पाणी, सकाळी फिरणं, रात्री इसबगोल, एवढं पुरतं. पण ज्याला हे माहीत नसतं तो पाचव्या दिवशी सकाळी, नुसतं पोट साफ व्हावं म्हणून एक विडी ओढतो. एक ओढली की दुसरीला कारण लागत नाही. काहींना तोंड येतं, बहुतेकांचं वजन वाढतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. धूम्रपान चालू ठेवण्याच्या तुलनेत ते वजन शरीराला काहीच नाही. हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो, कारण अपेक्षित असलेला त्रास माणूस सोसतो. अचानक आलेल्या त्रासापुढे तो शरण जातो.

मास्तरांच्या कॅलेंडरात पहिल्या दिवशी एकतीस रेघा आहेत. दुसऱ्या दिवशी चौतीस. तिसऱ्या दिवशी मोजता आल्या नाहीत, तिथे नुसता पेन्सिलीचा गिरगटा आहे. दहाव्या दिवशी चौदा. महिना संपताना पाच-सहा. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, तुम्ही ओढा अथवा ओढू नका, ती जाते. रेघा मारायची कल्पना त्यांची. गणिताचा माणूस. ते म्हणाले, 'डॉक्टर, सोडायची म्हणजे आयुष्यभर न ओढायची, हे गणित मला झेपत नाही. पाच मिनिटांचं झेपतं.'

आता काकूंविषयी, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. काकू विडी कामगार होत्या. मास्तरांचा पगार बेभरवशाचा, रात्रशाळेचं अनुदान कधी येई, कधी येत नसे. घर चाललं ते काकूंच्या हातांवर. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक दुमडून सुतानं बांधायचं, अशा दिवसाला हजार. कारखान्यात माल द्यायला गेलं की छाट वेगळी काढली जायची, तिचे पैसे मिळत नसत. आपल्या शहरात हजारो बायकांनी असे संसार ओढले आहेत. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती या विडी कामगार बायकांसाठी. त्यामुळे सोलापुरात उभं राहून विडी सोडा म्हणताना जीभ जरा अडखळते. ती अडखळावीही. ज्या हातांनी विडी वळली त्या हातांना दुसरं काम मिळायला हवं, हे मी या व्यासपीठावरून पूर्वीही बोललो आहे आणि पुन्हा बोलेन. पण ज्या बाईनं आयुष्यभर तंबाखूची धूळ श्वासात घेतली, तिच्याच नवऱ्याच्या छातीत ती विडी जळावी, यात तिचं कसलं हित होतं?

पुस्तकात लिहिलेलं असतं की सोडताना घरातला सगळा तंबाखू बाहेर टाका. मास्तरांच्या घरात तंबाखू सुपात भरलेला असायचा. तो बाहेर टाकणं म्हणजे चूल विझवणं. मला हे पहिल्या भेटीत कळलं तेव्हा मी मनातून आशा सोडली होती. पण त्या दोघांनी बसून घराची नवी व्यवस्था लावली. काकूंनी काम मागच्या ओसरीवर नेलं आणि वळलेला माल रोजच्या रोज शेजारणीकडे ठेवायला सुरुवात केली. काडेपेटी काकूंच्या कमरेला गेली. मास्तर सकाळी चहाबरोबर ओढायचे, म्हणून त्यांनी महिनाभर चहाच बंद केला आणि ज्वारीच्या कण्या ताकात घालून पिऊ लागले. शाळेच्या वाटेवर चौकात पानटपरी होती, तिथे मित्र थांबलेले असत. मास्तरांनी वाट बदलली, अर्धा किलोमीटर जास्त चालू लागले. खिशात विडीच्या बंडलाच्या जागी भाजलेल्या शेंगा आल्या. जेवण झाल्या झाल्या ते उठून भांडी घासायला बसत, कारण ओल्या हातानं विडी पेटवता येत नाही. त्या वस्तीत पुरुषमाणूस नळावर भांडी घासतो म्हणून लोक बघायचे. मास्तरांनी बघू दिलं.

निश्चय, निर्धार, मनोबल हे शब्द आपण भाषणात वापरतो तेव्हा डोळ्यांसमोर एक आवळलेली मूठ असते. माझ्या अनुभवात मूठ फार वेळ आवळून धरता येत नाही. टिकलेल्या प्रत्येक माणसाकडे मला असलीच बारीकसारीक व्यवस्था दिसली. बदललेली वाट, बदललेला चहा, दुसऱ्याच्या कमरेला गेलेली काडेपेटी. ज्यांनी नुसता बाणा दाखवला ते बहुतेक परत आले, आणि येताना मान खाली घालून आले.

याच संदर्भात औषधांविषयी थोडं. निकोटिनचा च्युइंगगम मिळतो, चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायच्या व्हेरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑनसारख्या गोळ्या आहेत. यांनी टिकण्याची शक्यता वाढते, हे पक्कं ठरलेलं आहे. पण आपल्याकडे गम लोक बडीशेपेसारखा चघळतात, मळमळतं, आणि उपयोग नाही म्हणून टाकून देतात. तो थोडा चावायचा, तोंडात चुरचुरलं की थांबायचं, गालात धरून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. आणि औषध घेऊन सोडणं कमीपणाचं नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण दुबळा म्हणत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक पळवाट आहे, ती बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मघाशी सांगितलेल्या पाहणीतच आपल्या राज्यात ओढणारे प्रौढ चारच टक्क्यांच्या आसपास निघाले, ३.८ टक्के. आणि तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. ओढणारे इतके कमी म्हणून समाधान मानावं, असा हा आकडा नाही. विडी सोडणारा पुष्कळदा तळहातावर चुना आणि तंबाखू मळायला लागतो, आणि घरचे म्हणतात, बरं झालं, धूर तरी बंद झाला. मेंदूला तेच निकोटिन मिळत राहतं. फुप्फुसाचं ओझं गालावर येतं. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून तिथल्या डॉक्टरांना तोंडाच्या कर्करोगानं उसंत दिलेली नाही. विडी सोडून तंबाखू धरलेल्या माणसाला मी सोडलेला म्हणत नाही. त्याचं पहिलं पाऊल झालंय, दुसरं अजून व्हायचंय, एवढंच.

आता तिसऱ्या महिन्याकडे येतो.

मेंदूतल्या त्या वाढलेल्या जागा सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येतात. म्हणजे अडीच-तीन महिन्यांत शरीराचं बरंचसं देणं फिटलेलं असतं. खोकला थांबलेला असतो, जेवणाला चव आलेली असते, जिना चढता येतो. आणि नेमक्या याच सुमारास माझ्या दवाखान्यातली माणसं घसरत आली आहेत. पहिल्या आठवड्यात घसरणारे संख्येनं जास्त, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात घसरणारा पुन्हा उठून बसतो. तिसऱ्या महिन्यात घसरणारा परत माझ्याकडे यायला वर्षं लावतो.

कारण पहिल्या महिन्यात सगळे त्याच्याबरोबर असतात. बायको विचारते, मुलं विचारतात, ऑफिसातले पाठीवर थाप मारतात. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना वाटतं, झालं, सुटली. त्यालाही तसंच वाटतं. बदललेली वाट पुन्हा पहिल्यासारखी होते, टपरीवर थांबणं सुरू होतं, कुणी विडी पुढे करतो आणि हा म्हणतो, एकानं काय होतंय, आता आपल्या ताब्यात आहे. शरीर विसरलेलं असतं, पण आठवण विसरलेली नसते. पावसाळी संध्याकाळ, एस.टी. स्टँडवरचा उशीर, भांडण, पगाराचा दिवस, मयत, या प्रत्येकाशी चाळीस वर्षांच्या विड्या बांधलेल्या असतात आणि त्या गाठी एकेक करूनच सुटतात. वर्षात एकदाच येणारा प्रसंग असेल तर त्याची गाठ सुटायला वर्ष लागतं.

मास्तरांचा गोल शहात्तराव्या दिवसावर आहे. त्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाचं दहन झालं. स्मशानातून परत आल्यावर कुणीतरी विडी दिली आणि त्यांनी ती ओढली. त्याआधीचे आठ दिवस त्या चौकोनांत रेघ नव्हती. तलफ आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मला आजही आठवतं, त्यांनी कॅलेंडर पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, 'आता मोजणी परत एकपासून धरायची का?'

ॲलन मार्लॅट नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते. व्यसन सुटलेली माणसं परत का घसरतात, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. त्यांनी पाहिलं की पाय घसरणं वेगळं आणि खाली गडगडत जाणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये एक विचार असतो. 'संपलं, मी कामातून गेलेला माणूस आहे,' हा तो विचार. पाय विडीनं घसरतो, गडगडत नेते ती शरम. माझी लग्नाच्या मांडवानंतरची दोन वर्षं निकोटिननं नेली नव्हती. ती त्या शरमेनं नेली होती, आणि त्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

मी मास्तरांना म्हणालो, 'शहात्तर दिवसांत तुम्ही तलफ किती वेळा परतवली?' ते तिथेच बसून मोजायला लागले. सातशे बारा निघाल्या. सातशे बारा वेळा परतवली आणि एकदा नाही परतवता आली. शिक्षकानं या पोराला किती मार्क द्यावेत, ते तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो गोल काढला, माझ्या टेबलावर, माझ्याच पेन्सिलीनं. त्यांनी मोजणी पुढे चालू ठेवली. गोल खोडला नाही, आणि मागच्या रेघाही पुसल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही एक ठरवलं. आपण पंढरपूरच्या वाटेवरचे लोक. माळ घातलेली माणसं आपण लहानपणापासून पाहतो. एखाद्यानं माळ घातली की तो मांसाहार आणि दारू सोडतो आणि वर्षानुवर्षं सोडलेला राहतो. त्याची श्रद्धा मोठी असते, यात शंका नाही. पण आणखीही एक गोष्ट आहे. दर पंधरा दिवसांनी एकादशी येते. ती येते तेव्हा उपवास असतो, भजन असतं, चार माणसं भेटतात, आणि वर्षाकाठी दिंडी असते. त्या माणसाला एकट्यानं काही पेलावं लागत नाही. त्याचा निश्चय पंधरा दिवसांहून जुना होऊच दिला जात नाही. मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही दर एकादशीला दवाखान्यात यायचं. तपासायचं काही नाही, फी नाही, फक्त कॅलेंडर दाखवायचं. ते दोन वर्षं आले. मग मी इतरांनाही एकादशीला बोलवायला लागलो. जैन आले, मुसलमान आले, पूर्व भागातले तेलुगु बोलणारे विणकर आले. बाहेरच्या बाकावर ते एकमेकांना आकडे विचारत बसायचे, आणि माझ्यापेक्षा त्या बाकाचा उपयोग जास्त झाला.

सोडून मिळतं काय, हे विचारायचा अधिकार सोडणाऱ्याला आहे. ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांचं उत्तर मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. लंडनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग का वाढतोय, हे शोधायला ब्रॅडफर्ड हिल यांच्याबरोबर ते बसले तेव्हा त्यांचा संशय रस्त्यांच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. ते स्वतः ओढत होते. आकडे हाताशी येऊ लागले तसे त्यांनी ओढणं सोडलं, आणि १९५० साली निष्कर्ष छापले. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांना पत्रं पाठवली, आणि चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा माग पुढे पन्नास वर्षं ठेवला. २००४ साली शेवटचा अहवाल आला तेव्हा डॉल एक्याण्णव वर्षांचे होते. त्या अहवालात असं दिसलं की सिगारेट ओढत राहणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातात. तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ ती दहाही परत मिळतात. चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. आपल्याकडे प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विडी ओढणारे पुरुष सुमारे सहा वर्षं आणि विडी ओढणाऱ्या बायका आठ वर्षं आयुष्य गमावतात असं निघालं.

मास्तरांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडली आणि ते पुढे एकोणीस वर्षं जगले. ती सगळी वर्षं विडी सोडल्याची, असं मी म्हणणार नाही. एका माणसाचा हिशेब असा करता येत नाही. पण ती एकोणीस वर्षं त्यांनी जिना न थांबता चढून काढली, आणि त्या काळात रात्रशाळेतून बाहेर पडलेली मुलं आज या सभागृहात बसलेली आहेत.

श्रोतेहो, या शहरात ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन होतो. शपथा होतात, फोटो छापून येतात. शपथ घेतलेल्यांना मी नावं ठेवत नाही, मीही त्या फोटोंत असतो. पण ऑगस्टच्या शेवटी त्यांच्यापैकी एकालाही कुणी विचारत नाही. तसंच १ जानेवारीचं. नववर्षाला सोडलेले अनेकजण आत्ता तुमच्या आजूबाजूला बसले असतील. त्यांचा चौथा आठवडा चालू आहे आणि ते जिद्दीत आहेत. त्यांचा तिसरा महिना गुढीपाडव्याच्या आसपास भरेल. तेव्हा तुम्ही साखरेच्या गाठी घेऊन त्यांच्या घरी जालच. गेल्यावर 'सुटली ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला हो म्हणावं लागतं, खोटं असलं तरी. 'कशी चाललीये?' असं विचारा, आणि तो खरं बोलला तर त्याला रागावू नका. घसरला असेल तर आधीचे दिवस मोजायला त्याच्या शेजारी बसा.

ज्यांना शेजारी बसायला कुणी नाही त्यांच्यासाठी एक फोन आहे. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत तो सुरू झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर आणि बंडलावर छापला जातो. पैसे पडत नाहीत. १८०० ११ २३५६. विडीच्या बंडलावर तो बारीक अक्षरात असतो, म्हणून आज बाहेर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगितला आहे. हे कॅलेंडरही आजपासून काकूंच्या इच्छेनं वाचनालयाच्या भिंतीवर राहील. त्याच्याखाली पेन्सिल आणि कोऱ्या दिनदर्शिका ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.